लताबाईंचं राहिलेलं रडणं

कॅनडाहून परत आल्यावर लताबाई दुसऱ्याच दिवशी रडायला निघाल्या.

बॅगा अजून उघडायच्या होत्या. घरात तीन वर्षांची धूळ साचली होती, आणि विमानाने रात्रीचा दिवस केल्यामुळे डोकं कुकरसारखं फुसफुसत होतं. तरी त्यांनी फिकट साडी नेसली, पायात चपला सरकवल्या आणि गल्लीच्या टोकाला वाघमास्तरांच्या दारावर गेल्या. मास्तरांची बायको वारून बरेच दिवस झाले होते. बातमी तिकडे मोबाइलवर आली होती, आणि मुलाने, म्हणजे राकेशने, आईच्या वतीने हात जोडल्याचं चित्र पाठवून दिलं होतं. "झालं आई, पोचलं," तो म्हणाला होता. लताबाईंना ते पटलं नव्हतं. मयताच्या दारावर माणूस पोचतो. चित्र पोचून काय करणार, पाणी पिणार?

लताबाई सटाण्याकडच्या. लग्न करून नाशकात आल्या, सिडकोच्या तिसऱ्या स्कीममध्ये संसार केला, बोलणं बऱ्यापैकी शहरी झालं. पण दारावर जाण्याची रीत त्यांनी माहेरून आणली तशीच ठेवली. उंबऱ्याबाहेरच गळा काढायचा. घरातल्या बाईने आतून सूर मिळवायचा. मग गळ्यात गळा घालून गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे, नसले तर दोनचार पदरचे घालायचे. मग डोळे पुसायचे, चूळ भरायची, आणि कोणाची मुलगी कुठे दिली याकडे वळायचं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे गळा ऐकला की निघायचं. कोण गेलं ते आधी विचारायचं नाही. विचारून रडणं म्हणजे भाव पाहून माल उचलणं.

तर लताबाईंनी मास्तरांच्या उंबऱ्याबाहेर सूर लावला. दार उघडलं ते ठसठशीत कुंकवाच्या, चाळिशीतल्या एका बाईने. मास्तरांनी दिवाळीनंतर दुसरं लग्न केलं होतं, ते मोबाइलवर आलं नव्हतं. पण सूर अर्ध्यात सोडता येत नाही. लताबाईंनी पहिलीच्या हातची पुरणपोळी, पहिलीची रांगोळी, पहिलीचा गोड गळा असं सगळं यथासांग सांगून संपवलं. दुसरी दाराला टेकून ऐकत राहिली, आणि मग तिने चहा ठेवला. चहा चांगला होता. मास्तरांचं काही फार वाईट झालेलं नाही, असं मत करून लताबाई घरी आल्या.

असं त्यांचं आठवडाभर चाललं. तीन वर्षांत जे जे गेले त्यांच्या त्यांच्या दारावर त्या उशिरा का होईना जाऊन आल्या. एका घरी मुलांनी वाटण्या करून कुलूप लावलं होतं. लताबाई कुलपापुढे रडल्या. एका घराचं क्लासच्या पोरांचं होस्टेल झालं होतं. कानात बोंडं घातलेल्या एका पोराने दार उघडून, मावशी, पोळ्या घडीच्या करणार की फुलके, असं विचारलं. त्याला मेसच्या बाई आल्याशा वाटल्या.

राहिलेलं रडणं असं एकदाचं फिटलं. आणि मग लताबाईंच्या लक्षात आलं की आता जायला दारच उरलं नाही.

*

कॅनडात लताबाईंना कोणी छळलं नाही. हे सांगून टाकलेलं बरं, कारण गल्लीत पहिली शंका तीच निघाली. सून तेजल गोड स्वभावाची. राकेश आज्ञाधारक. नवरा, सहादूभाऊ, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन वारले, आणि वर्षश्राद्ध झाल्याबरोबर मुलगा स्वतः येऊन आईला एडमंटन नावाच्या गावी घेऊन गेला. घर एवढं मोठं की स्वयंपाकघरातून वर हाक मारायची तर फोन लावावा लागे. छळ असता तर फार सोयीचं झालं असतं, निदान चारचौघींत सांगता आला असता. मला नीट ठेवतात आणि मी वाळत चालले आहे, ही तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

सकाळी घर रिकामं होई. ज्याला गाडी चालवता येत नाही तो तिथे पायाने अधूच समजायचा. बस होती, पण हिवाळ्यात थांब्यापर्यंत जायचं तर अंगावर इतके कपडे चढवावे लागत की चढवून होईतो कुठे जायचं होतं तेच विसरायला होई. नात सुरुवातीला "आजी, गोष्ट" म्हणून मांडीत शिरायची. शाळेत रुळली तशी ती आजीचं मराठी ऐकून घ्यायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. लताबाईंना इंग्रजीतलं यस, नो आणि सॉरी येत होतं, आणि रोजच्या वापरात त्यातलं तिसरंच जास्त लागे. शनिवारी राकेश त्यांना म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रावर सोडायचा. तिथे पंजाबी आज्या होत्या, मायाळू होत्या, पराठे भरवायच्या. पण आपसांत इतकं भराभर बोलायच्या की लताबाई नुसत्या हसण्याच्या जागा बघून हसत. जन्मभर भांडणातला शेवटचा शब्द जिने दुसरीला दिला नाही, तिला तिथे पहिलाही मिळेना.

समोरच्या घरात एक म्हातारा होता. त्याचं नाव बॉब की रॉब, हे लताबाईंना शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. तो दारातलं बर्फ उपसताना हात वर करायचा, ह्या खिडकीतून हात वर करायच्या. एवढंच. पण त्या गावात आपणहून लताबाईंशी बोलला असा तो एकच माणूस, आणि तोही हाताने.

एक दिवस त्याच्या दारात गाड्या लागल्या. काळ्या कपड्यांतली माणसं आत जायला लागली. राकेश-तेजल कामावर होते. लताबाईंनी फिकट साडी नेसली, वर राकेशचं जाकीट चढवलं, रस्ता ओलांडला आणि उंबऱ्याबाहेर गळा काढला. बर्फात आवाज छान जातो.

म्हाताऱ्याची बायको दारात आली. उंच, सडपातळ, परीटघडीची बाई. लताबाईंनी तिला मिठी मारली तेव्हा ती आधी दचकली, मग लाकडासारखी झाली, आणि मग लताबाईंच्या डोक्यावर हनुवटी टेकवून अशी काही रडली की आतल्या माणसांनी हातातल्या बशा खाली ठेवल्या. तिच्या मुलीला मात्र कोणी परकी बाई आपल्या आईला सोडत नाही एवढंच दिसलं, आणि तिने पोलीस बोलावले. पोलीस सभ्य होते. त्यांनी लताबाईंना पांघरूण दिलं. राकेश कामावरून धावत आला, पोलिसांना सॉरी म्हणाला, मुलीला म्हणाला, आणि भिंतीवरच्या म्हाताऱ्याच्या फोटोलाही म्हणाला.

घरी आल्यावर त्याने आईला समजावलं. "आई, इथे असं नसतं."

"मग माणूस गेल्यावर इथे काय करतात?"

"शांत राहतात."

"ते तर माणूस असतानाही राहतात," लताबाई म्हणाल्या.

त्यानंतर राकेशने त्यांना एका समुपदेशक बाईंसमोर बसवलं. बाई पडद्यावर होत्या. एक ते दहामध्ये तुम्हाला किती एकटं वाटतं, असं त्यांनी विचारलं, आणि दुभाष्याने ते हिंदीत सांगितलं. लताबाईंनी विचारलं, दहा सांगितले तर काय देणार? याचं भाषांतर दुभाष्याने केलं नाही.

म्हणून भाचीच्या लग्नाचं निमित्त निघालं तेव्हा लताबाई सटाण्याला म्हणून ज्या आल्या त्या आल्याच. परतीचं विमान ज्या दिवशी उडालं त्या दिवशी त्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या.

*

राकेशने फोनवरून आधी लाडीगोडी केली, मग तब्येतीचं भय घातलं, मग नातीला पुढे केलं. तिने "आजी, कम बॅक" म्हटलं. लताबाई म्हणाल्या, मराठीत म्हण, मग बघते. शेवटी राकेश स्वतःच आला. येतानाच त्याने ठरवलं होतं, घर विकायचं आणि आईला न्यायचं. घर राहिलं तर आई पुन्हा पळून येणार, हे त्याला कळत होतं. घराच्या कागदावर वारस म्हणून दोघांची नावं होती. पण आईने आजवर मुलाने पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर न वाचता सही केली होती, हेही त्याला माहीत होतं.

त्याची बाजू खोटी नव्हती, ही खरी अडचण. लताबाई ज्या गल्लीसाठी परत आल्या ती गल्ली आता होती कुठे? अर्धी घरं विकून तीनमजली झालेली. खाली दुकान, वर भाडेकरू, त्याच्यावर होस्टेल. संध्याकाळी ओट्यावर बायका बसायच्या तिथे दुचाक्या बसायच्या. सकाळपासून दुपारपर्यंत लताबाईंच्या दारावरून जो जाई तो पार्सल देणारा असे, आणि पार्सल दुसऱ्याचं असे. कॅनडा कसं आहे, हे सगळ्यांनी विचारलं. उत्तराला कोणी थांबलं नाही. एकदा तर त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला किशोर कपडे द्यायला येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. ही गोष्ट त्यांनी मुलापासून लपवली होती. राकेशने आल्या आल्या शर्ट इस्त्रीला टाकला आणि शर्टाबरोबर ती घेऊन आला.

"तिथे एकटं वाटतं म्हणून आलीस," तो म्हणाला. "इथे काय जत्रा भरलीय?"

लताबाई भाकरी थापत राहिल्या. थापण्याचा आवाज मात्र वाढला.

रविवारी दुपारी सनी नावाचा एजंट गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाईक म्हणजे लासलगावचे कांद्याचे व्यापारी, काळूशेठ. पांढरी टोपी, जाड मिशा, बोलणं थोडं. त्यांना नातवंडांच्या क्लाससाठी नाशकात घर हवं होतं. त्यांनी भिंतीवर बोटं वाजवून बघितली, कांदा दाबून बघतात तशी. सनी तोपर्यंत घराचे गुण सुरात सांगत होता. ते ऐकून लताबाईंना वाटलं, ह्याने दारावर जायला सुरुवात केली तर नाव काढील.

राकेश गिऱ्हाइकाला न्हाणीघर दाखवायला घेऊन गेला, पण आईचा चेहरा बघून दारातूनच मागे फिरला. काळूशेठ आत नळ सोडून बघत होते. राकेश हलक्या आवाजात म्हणाला, आई, असं तोंड करून बसू नकोस, मी काय तुला जंगलात सोडायला नेतोय? लताबाई म्हणाल्या, मी येणार नाही, सही करणार नाही, तू चहा घे आणि ह्यांना वाटेला लाव. शब्दाला शब्द वाढला. राकेश तसा शहाणा मुलगा, पण दोन रात्री झोप नव्हती, आणि आईच्या हट्टापुढे शहाण्या मुलांची लवकरच लहान मुलं होतात.

"तुझं इथे उरलंय कोण?" तो म्हणाला. "एक माणूस दाखव. बाहेर जाऊन हाक मार, आणि बघ कोण येतंय."

लताबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "मारू हाक?"

"मार."

साधी हाक मारून उपयोग नव्हता. साध्या हाकेला आजकाल माणसं आधी फोन बघतात. ऐकली की उठलंच पाहिजे अशी हाक लताबाईंना एकच येत होती. कोणी गेलेलं नसताना गळा काढू नये, ते अशुभ, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी क्षणभर विचार केला. मग ओट्यावर जाऊन बसल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि माहेरच्या अहिराणीत सूर लावला.

"माले एकली टाकीसन कथा गयात वं, मनी माय..."

मला एकटीला टाकून कुठे गेलात, एवढाच त्याचा अर्थ. सुरू केलं तेव्हा ते मुलाला दाखवायला होतं. दुसऱ्या ओळीला त्यांना मास्तरांची पहिली आठवली, तिसरीला कुलूप लागलेलं घर आठवलं, मग सहादूभाऊ, मग तो बॉब की रॉब, आणि पुढचं नाटक त्यांच्या हातात राहिलं नाही.

घरात पहिला परिणाम काळूशेठांवर झाला. नळ चालू तसाच ठेवून ते बाहेर आले, कोणाला काही न विचारता टोपी काढली आणि ओट्याच्या पायरीवर खाली मान घालून बसले. सनी त्यांच्याकडे आणि राकेशकडे आळीपाळीने बघत राहिला.

गल्लीत कोणी आलं नाही.

समोरच्या होस्टेलची एक खिडकी उघडली आणि लागली. एक दुचाकी आली, हळू झाली, गेली. पार्सलवाला थांबला, पत्ता बघितला, पुढे निघाला. लताबाईंचा सूर चढत होता आणि गल्ली जागची हलत नव्हती. राकेश दारात उभा होता. मघाशी त्याला जिंकायचं होतं. आता त्याला वाटायला लागलं की कोणीतरी यावं, कोणीही. पाणी मागायला आलं तरी चालेल. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, पुरे आता. लताबाईंनी खांदा झटकला. पण त्यांचाही श्वास आता पुरत नव्हता, आणि पुढची ओळ सुचत नव्हती.

तेवढ्यात मागच्या गल्लीच्या बोळातून दुसरा सूर आला.

ती रोशनबी होती. नवऱ्याचं, महेबूबभाईंचं, गाद्यांचं दुकान एके काळी चौकात होतं. रोशनबीचे गुडघे गेले होते, त्यामुळे ती भिंतीला धरत येत होती. मागून महेबूबभाई प्लास्टिकची खुर्ची घेऊन येत होते, कारण ती खाली बसली तर उठत नसे. खुर्ची ओट्याला लागली, रोशनबी त्यात बसली आणि वाकून तिने लताबाईंच्या गळ्यात हात टाकले. लताबाई तर समोर धडधाकट दिसत होत्या. परदेशाहून मुलगा आल्याचं तिने ऐकलं होतं. लांबचा विमानप्रवास, हल्लीच्या पोरांची हृदयं. तिने मनात हिशोब जुळवला आणि राकेशसाठी रडायला सुरुवात केली.

"काय पोरगं होतं रे माझ्या अल्ला," ती म्हणाली. "माझ्या खिडकीची काच फोडायचं आन माझ्याच गाद्यांत लपायचं. ईदला सगळ्यांत आधी वाटी घेऊन हजर. राकेशबेटा, लई जीव होता रे तुझा आईवर. पण तिला नेऊन काचेच्या कपाटात ठेवलंस. कपाटातल्या भांड्यात कोणी जेवतं का रे?"

राकेश खुर्चीला जागा देऊन खाली उतरला होता, तिच्या पाठीमागे दोन हातांवर उभा होता. त्याने तोंड उघडलं. पण आपल्याच मयतीत मध्ये बोलावं कसं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

मग किशोर आला, हातात अजून इस्त्रीचा बोळा. त्याने राकेशला जिवंत बघितलं, गोंधळला, पण आल्यासारखा काळूशेठांच्या शेजारी पायरीवर बसला. आणि त्याच्यामागून, पदर कमरेला खोचून, सगुणाबाई आल्या.

इथे लताबाईंच्याही रडण्यात खंड पडला. सगुणाबाई शेजारच्याच, पण राकेश दहावीत असताना नळाच्या पाण्यावरून दोघींचं जे वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद होतं. सगुणाबाईंच्या नवऱ्याच्या दारावर लताबाई गेल्या होत्या, रडल्या होत्या, आणि डोळे पुसून न बोलता परत आल्या होत्या. दारावर जाण्याचा आणि बोलण्याचा संबंध नाही. सगुणाबाईंनी आता ती परतफेड सुरू केली, आणि गळा असा काही मोकळा सोडला की होस्टेलच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

"गुणाचं लेकरू गं," त्या म्हणाल्या. "आय खवट, जिभेला हाड नाय, सगळ्या गल्लीला ठावं हाय. पण पोरगं सरळ. कुनाच्या अध्यात नाय का मध्यात नाय. देवानं चुकीचं मानूस नेलं."

"काकू," राकेश म्हणाला, "मी इथे आहे."

रोशनबीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. पण ओळ अर्धी होती, ती तिने सुरात पुरी केली, मगच थांबली. महेबूबभाईंनी टोपी नीट केली आणि राकेशला नखशिखान्त न्याहाळलं, माल परत आला की बघतात तसं.

मग गेलं कोण, असं सगुणाबाईंनी विचारलं. लताबाईंनी सरळ सांगून टाकलं, की कोणी गेलं नाही, मुलगा म्हणाला हाक मारून बघ, म्हणून मारली.

आता दोघी मिळून तुटून पडतात, असं राकेशला वाटलं. रोशनबीने नुसते डोळे पुसले आणि म्हणाली, रडून छातीला बरं वाटलं, चहात आलं घाल. सगुणाबाई मात्र ताडकन उठल्या.

"मी तुझ्यासाठी नाय रडले," त्या म्हणाल्या. "पोराचं वाईट वाटलं म्हनून आले." एवढं बोलून त्यांनी पदर झटकला, आणि पुन्हा खाली बसल्या.

सनीने ही वेळ साधायची ठरवली. तो काळूशेठांपाशी वाकून म्हणाला, शेठ, काही झालेलं नाही, गैरसमज होता, आपण आत बसून बोलू. काळूशेठ उठले. त्यांनी टोपी गुडघ्यावर झटकली, पण डोक्यावर घातली नाही.

"आता काय बोलायचं?" ते म्हणाले.

"व्यवहाराचं."

"ज्या दारावर टोपी काढून बसलो, त्या दारात सौदा करत नसतात."

"पण शेठ, कोणी मेलं नाही ना."

"ते त्यांचं त्यांनी बघावं. मी तर बसलो."

लताबाईंना हात जोडून काळूशेठ गल्लीबाहेर पडले. सनी त्यांच्यामागे गाडीपर्यंत समजावत गेला. आपल्या धंद्यात घर पडकं असलं, वादातलं असलं, तरी विकता येतं. पण घर असं वागायला लागलं तर काय करायचं, हे त्यालाही कळेना. आत न्हाणीघरातला नळ अजून वाहत होता. तो किशोरने जाऊन बंद केला.

*

चहा झाला. आलं घातलं होतं. सगुणाबाईंनी साखर कमी आहे असं भिंतीला सांगितलं आणि कप पुरा केला. सगळे गेल्यावर मायलेक ओट्यावर उरले. आपल्या पश्चात लोक काय म्हणतील हे माणसाला सहसा ऐकायला मिळत नाही. राकेशला मिळालं होतं, आणि त्यातलं काचेच्या कपाटाचं वाक्य काही केल्या डोक्यातून जात नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, "एवढ्या मोठ्याने रडलीस. आले किती? चार."

"चार पुरतात," लताबाई म्हणाल्या. "खांद्याला चारच लागतात."

"त्यातल्या दोन बायका आहेत. एकीचे गुडघे गेलेत."

"तिच्यामागून खुर्ची येईल."

"आई, थट्टा नको. बायका खांदा देत नाहीत."

"माझ्याला देतील. आणि नाही दिला तर मी काही उठून भांडायला येणार नाही."

राकेशला हसू आलं, ते त्याला आवडलं नाही. तो म्हणाला, तू त्या दिवशी पडलीस तेव्हा किशोर कपडे द्यायला आला म्हणून, एरवी ह्यांतला एकही आला नव्हता. उद्या पुन्हा पडलीस तर?

लताबाईंनी ह्यावर विचार केला. उगाच धीराचं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशी ओल्या फरशीवर पडल्या पडल्या त्या घाबरल्या होत्या, हे त्या विसरल्या नव्हत्या.

"पडेन," त्या म्हणाल्या. "इथे काय गर्दी नाही, ती मला दिसतेय. आंधळी झालेली नाही मी. एकटी तिथेही होते, एकटी इथेही आहे. पण राकेश, तिथे मी एकटी आहे हे सांगायलाही तुझ्या गाडीची वाट बघावी लागायची. इथे पडले तर ओरडेन. त्या दिवशी लाज वाटली म्हणून ओरडले नाही, ती चूक माझी. आता ओरडेन. सगुणी ऐकेल. ती येईल, आणि मला शिव्या देत उचलील. मला चालेल."

"आणि तुझी नात?"

हे मात्र लागलं. लताबाई म्हणाल्या, "तिला सुट्टीत आण. इथे महिनाभर ठेव. मला इंग्रजी आलं नाही, तिला मराठी येईल. तिचं वय आहे."

सनीचा फोन आला, वाजून बंद झाला. पुन्हा आला. राकेशने तो उलटा करून ठेवला आणि आत गेला. लताबाईंना वाटलं, झोपला असेल. पण तो न्हाणीघरात उभा होता. हाताने भिंत मोजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने त्रिमूर्ती चौकातून स्टीलचा दांडा आणला, धरून उठायचा. तेजलचा फोन आला तेव्हा तो किशोरकडून आणलेल्या ड्रिलने भिंतीला भोकं पाडत होता. केसांवर सगळी पांढरी भुकटी. तिकीट दोघांचं होतं त्यातलं एक रद्द कर, एवढंच तो तिला म्हणाला. नंतर सगळं सांगतो, लांबलचक आहे, आणि मी त्यात मरतो.

लताबाई दारात उभ्या राहून देखरेख करत होत्या.

"इतका खाली नको," त्या म्हणाल्या. "एवढी म्हातारी नाही झाले."

त्याने दांडा वर घेतला. स्क्रू आवळले. बाजूला झाला. लताबाई पुढे आल्या, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि सगळा भार टाकून त्याला लोंबकळल्या. भिंतीचं थोडं प्लास्टर निघालं आणि एक टोक सुटलं.

राकेश घाबरून पुढे झाला. लताबाई आपल्या पायांवर उभ्या होत्या. त्यांनी निखळलेलं टोक बघितलं, फरशीवरचा चुरा बघितला, आणि ते टोक मुलाच्या हातात दिलं.

"पुन्हा बसव," त्या म्हणाल्या. "विमानाला अजून वेळ आहे तुझ्या."